सी हॅरियरच्या २०-० चा हिशेब नक्की काय आहे?

वाशिष्ठीकाठ

मंडळी, मध्यंतरी गोव्याला गेलो होतो तेव्हा बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये जाऊन आलो. सी हॅरियरसमोरून पाय निघेना. विमानवाहू नौकेवरून उडणाऱ्या या ब्रिटिश लढाऊ विमानाबद्दल घरी येऊन वाचायला घेतलं आणि दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनात झालेल्या १९८२ च्या फॉकलंड युद्धापाशी येऊन अडकलो. जिथे बघावं तिथे हेच: सी हॅरियरने अर्जेंटिनाची २० विमानं हवेत पाडली आणि हवाई लढतीत स्वतःचं एकही गमावलं नाही.

माझी अडचण अशी, की हे विमान आवाजाच्या वेगाच्या आतच उडणारं. समोर मिराज आणि डॅगर, जवळपास दुप्पट वेगाची. ब्रिटिशांनी सुरुवातीला नेलेली सी हॅरियर फक्त २०, अर्जेंटिनाकडे त्याच्या कितीतरी पट लढाऊ विमानं. मग २०-० झालं कसं? आणि हवेत एवढी सरशी होती तर शेफील्ड, आर्डंट, अँटिलोप, कव्हेंट्री, अटलांटिक कन्व्हेयर ही जहाजं बुडाली कशी? दोन्ही गोष्टी एकाच युद्धातल्या, पण माझ्या डोक्यात एकत्र बसत नाहीत.

विचारायचं आणखी एक कारण आहे. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षापासून आमच्या मित्रांच्या ग्रुपवर ‘त्यांची किती, आपली किती’ यापलीकडे गाडी जातच नाही. असा आकडा समोर आला की तो वाचायचा कसा, हे मला मनापासून समजून घ्यायचंय. इथे नौदलातून निवृत्त झालेले सभासद आहेत, त्यांनी वेळ काढून लिहावं ही विनंती.

– निखिल

रडारवेडा

सोपं उत्तर आहे. अमेरिकेने दिलेलं साइडवाइंडर एआयएम-९एल. त्याआधीची उष्णता शोधणारी क्षेपणास्त्रं शत्रूच्या शेपटीमागे जाऊनच डागावी लागायची, कारण त्यांना इंजिनाचं गरम तोंड दिसायला हवं. ९एल समोरूनही लक्ष्य पकडू शकायचं. अर्जेंटिनाकडे मॅजिक आणि शाफ्रिर होती, ती जुन्या पद्धतीची. त्यात हॅरियर हवेतच नॉझल, म्हणजे इंजिनाचा झोत सोडणारी तोंडं, फिरवून एकदम वेग कमी करू शकतं, मागचं विमान पुढे निघून जातं आणि शिकार आयती मिळते. क्षेपणास्त्र आणि नॉझल, झाला विषय.

चीफ_दाबोळी

निखिल, तुझा प्रश्न वाचून सगळी कामं बाजूला ठेवली.

मी नौदलाच्या एअर टेक्निकल शाखेतला. नोकरीचा मोठा काळ आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर, दाबोळीला, सी हॅरियरच्या लाइनवर गेला, आणि विराटवर. वैमानिक नव्हे, विमानाच्या पोटाखाली शिरून काम करणारा माणूस, तेव्हा मी लिहीन ते त्या बाजूने. विराट म्हणजे पूर्वीची ब्रिटिश विमानवाहू नौका एचएमएस हर्मीस, फॉकलंडच्या ताफ्याचं ध्वजजहाज. मे १९८७ मध्ये ती आपल्या नौदलात दाखल झाली. ज्या स्की-जंपवरून, म्हणजे डेकच्या टोकाच्या वर वळलेल्या उतारावरून, ती विमानं लढाईला सुटली, त्याच स्की-जंपच्या पायथ्याशी उभं राहून आम्ही आमची विमानं सोडायचो. त्यामुळे या विषयात मला नुसतं माहितीपुरतं बोलता येत नाही.

रडारवेडा, तुमचं क्षेपणास्त्राबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ९एल समोरून मारू शकायचं हे खरं. पण फॉकलंडमध्ये ती बहुतेक सगळी मागूनच डागली गेली. आणि हवेत नॉझल फिरवून शत्रूला पुढे काढण्याची जी कसरत सगळीकडे सांगितली जाते, तिच्यामुळे त्या युद्धात एकही विमान पडलेलं नाही. वैमानिक तिचा सराव करायचे, गरज मात्र पडली नाही. गरज का पडली नाही, तिथेच निखिलचं उत्तर आहे.

अर्जेंटिनाचे दक्षिणेकडचे तळ, रिओ गाजेगोस आणि रिओ ग्रांदे, बेटांपासून सातशे-आठशे किलोमीटरवर. म्हणजे मुंबईहून उडायचं, नागपूरवर लढायचं आणि न उतरता परत मुंबई गाठायची. बेटांवर स्टॅन्लीची धावपट्टी होती, पण जेमतेम सव्वा किलोमीटरची, वेगवान जेट तिथे ठेवता येत नव्हती. मिराज आणि डॅगरमध्ये हवेत इंधन भरून घेण्याची सोयच नव्हती. अर्जेंटिनाच्या स्कायहॉक या बॉम्बफेकी विमानांत होती, पण त्यांना पाजायला केसी-१३० टँकर फक्त दोन. डॅगर बेटांवर पोचायचा तेव्हा त्याच्या हातात काही मिनिटं असायची. त्याने आफ्टरबर्नर लावला तर इंधन इतकं धो धो जळणार की घरी पोचायची आशा सोडायची. म्हणजे कागदावरचा तो दुप्पट वेग त्याला वापरताच येत नव्हता. बॉम्ब टाकायचा, पाण्याला चिकटून सरळ घरचा रस्ता धरायचा. असं विमान वरून झेप घेणाऱ्या सी हॅरियरला पाठ दाखवूनच पळणार. ९एल मागून का डागली गेली ते आता लक्षात येईल.

१ मे १९८२ चा दिवस बघ. मिराज उंचावर, सी हॅरियर खाली. मिराज खाली उतरेनात, कारण खालच्या जाड हवेत हॅरियर भारी. हॅरियर वर चढेनात, कारण तिथे मिराज भारी. दोन्हीकडचे वैमानिक आपापल्या विमानाचा स्वभाव जाणून होते. शेवटी दुपारी दोन मिराज खाली आले. कार्लोस पेरोनाचं विमान पॉल बार्टनने पाडलं, तो पॅराशूटने उतरला, वाचला. दुसरा गुस्तावो गार्सिया कुएर्वा. स्टीव्ह थॉमसच्या क्षेपणास्त्राने त्याच्या विमानाला इजा झाली, घरी पोचण्याइतकं इंधन उरलं नाही, म्हणून तो स्टॅन्लीला उतरायला गेला आणि त्याच्याच लोकांच्या विमानविरोधी तोफांनी त्याला पाडलं. आता हे विमान कोणाच्या नावावर लिहायचं? बहुतेक याद्यांत ते २० मध्ये धरतच नाहीत. एकोणीस, वीस, एकवीस असे वेगवेगळे आकडे दिसतात ते अशा विमानांमुळे.

त्या दिवसानंतर मिराज प्रामुख्याने मायदेशाच्या रक्षणासाठी मागे ठेवले गेले. सी हॅरियरशी लढण्यासाठीच निघालेलं विमान पुढे जवळजवळ आलंच नाही. आले ते बॉम्ब घेऊन जहाजांवर चालून जाणारे. त्यांना लढाई टाळायची होती. दोन पैलवान आखाड्यात उतरले आणि एकाने दुसऱ्याला वीस वेळा चीत केलं, असं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते काढून टाक.

आता तुझ्या आकड्यातल्या शून्याबद्दल, कारण मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल.

एकूण २८ सी हॅरियर त्या युद्धात गेली, आधी २० आणि मे महिन्यात आणखी ८. त्यांतली ६ गेली ती गेलीच. ४ मे, बेटांवरच्या अर्जेंटिनाच्या गूस ग्रीन तळावर हल्ला करताना निक टेलर, रडारवर चालणाऱ्या ३५ मिलिमीटर तोफांनी. ६ मे, दुसरी विमानवाहू नौका इन्व्हिन्सिबल, तिची दोन विमानं धुक्यात एका शोधावर गेली, जॉन आयटन-जोन्स आणि अ‍ॅलन कर्टिस. दोघंही परतले नाहीत, बहुधा ढगात एकमेकांवर आदळले. याच कर्टिसने पाचच दिवसांपूर्वी एक कॅनबेरा बॉम्बर पाडलं होतं. २३ मे, रात्री हर्मीसवरून उडालेलं गॉर्डन बॅटचं विमान थोड्याच वेळात समुद्रात कोसळलं. २९ मे, इन्व्हिन्सिबल वळत असताना ओल्या डेकवरून एक विमान घसरून थेट पाण्यात गेलं, वैमानिकाने इजेक्ट केलं म्हणून तो वाचला. १ जून, स्टॅन्लीजवळ रोलां क्षेपणास्त्राने इयन मॉर्टिमरचं विमान पाडलं, तो थंडगार समुद्रात तासन् तास रबरी होडीत बसून राहिला आणि मग ब्रिटिशांनी त्याला उचललं.

हवेतल्या लढतीत शून्य. जमिनीवरून दोन. समुद्र, धुकं आणि डेक यांनी मिळून चार. सी हॅरियरचे चार वैमानिक मेले, आणि त्यांतल्या एकालाही शत्रूच्या लढाऊ विमानाने मारलं नव्हतं. ब्रिटिश वायुसेनेची जमिनीवर हल्ला करणारी हॅरियर जीआर-३ गेली ती वेगळीच, तीही मुख्यतः जमिनीवरच्या माऱ्याने. हे मी पोटतिडकीने लिहितोय, कारण हाच रकाना आम्ही शांततेच्या काळात भरलाय. आपली सी हॅरियर डिसेंबर १९८३ मध्ये दाबोळीला उतरली आणि मे २०१६ मध्ये निवृत्त झाली. त्या काळात एकाही शत्रूवर क्षेपणास्त्र डागायची वेळ आली नाही. तरीही घेतलेल्या विमानांपैकी निम्म्याहून जास्त अपघातांत गेली. त्यांतली काही विमानं मी स्वतःच्या हातांनी सही करून सोडलेली होती. त्यांत बसलेल्या माणसांना मी शिडीवर चढून पट्टे आवळून दिले होते.

हॅरियर हे माफ न करणारं विमान. उभं उतरताना सगळं वजन इंजिनावर. त्या वेळी इंजिन फार तापू नये आणि जोर वाढावा म्हणून त्यात खनिजमुक्त पाणी फवारतात. ते पाणी पुरतं साधारण दीड मिनिट. तेवढ्यात चाकं डेकला टेकली पाहिजेत. खाऱ्या हवेचं तर विचारूच नका. संध्याकाळी शेवटचं विमान उतरलं की हवा ओढणाऱ्या तोंडाच्या कडेवर बोट फिरवायचं, बोटाला मिठाचा पांढुरका थर लागायचा. मग कॉम्प्रेसर वॉश, गोड्या पाण्याने, कितीही उशीर झालेला असो. आणि इंजिन बदलायचं म्हणजे आधी अख्खा पंख उचलून बाजूला काढायचा, इंजिन वरून बाहेर येतं. आमच्या हँगरमध्ये जहाज नांगरलेलं असतानासुद्धा त्या कामात घाम फुटायचा. दक्षिण अटलांटिकच्या मे-जूनमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, हर्मीस आणि इन्व्हिन्सिबलच्या तंत्रज्ञांनी रोज सकाळी ९५ टक्के विमानं तयार ठेवली. २०-० मागचं हे काम कोणत्याही फळ्यावर लिहिलं जात नाही. विमान पाडणाऱ्याचं नाव राहतं, राहायलाही हवं. पण ते थोडक्या विमानांचं दल दीड महिना उभं राहिलं ते या लोकांमुळे.

जहाजांचं रात्री लिहितो. त्याला थोडं निवांतपण हवं.

फ्यूज_सेक्शन

चीफसाहेब, फार चांगलं लिहिताय. मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केली, म्हणून एक बाजू माझ्याकडून.

अर्जेंटिनाचे वैमानिक क्षेपणास्त्रं चुकवायला इतके खालून येत होते की त्यांचे बॉम्ब जहाजांना लागायचे पण फुटायचे नाहीत. बॉम्ब विमानातून सुटल्या सुटल्या सज्ज होत नसतो. विमान सुरक्षित अंतरावर जावं म्हणून फ्यूज काही वेळ मुद्दाम झोपलेला ठेवतात, हवेत पडता पडता तो जागा होतो. फारच खालून टाकला तर फ्यूज जागा व्हायच्या आतच बॉम्ब लोखंड फोडून आत जाऊन बसतो. अँट्रिम, आर्गोनॉट, ग्लासगो, ब्रॉडस्वर्ड या जहाजांना असे न फुटलेले बॉम्ब लागले. ८ जूनला प्लिमथवर चार लागले, एकही धड फुटला नाही. अँटिलोपमधला बॉम्ब मात्र निकामी करताना फुटला, त्यात ते काम करणारा स्टाफ सार्जंट जेम्स प्रेस्कॉट गेला. सगळे फ्यूज वेळेवर जागे झाले असते तर २०-० हा आकडा आज कोणी अभिमानाने सांगितला नसता. उंचीचा तो थोडासा फरक.

चीफ_दाबोळी

फ्यूज_सेक्शन, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. तिथूनच पुढे जातो.

निखिल, सी हॅरियरचं काम काय होतं? विमानं पाडणं हे साधन. काम होतं जहाजं वाचवणं. त्या कामात ते बरंचसं यशस्वी झालं आणि काही वेळा दारुण अपयशी ठरलं, आणि अपयशाचं मोठं कारण विमानात नव्हतंच. ब्रिटिश नौदलाची मोठी विमानवाहू आर्क रॉयल गेली तशी तिच्यावरची गॅनेट विमानंही १९७८ मध्ये गेली. गॅनेट म्हणजे उंचावरून रडारने दूरवर बघणारा डोळा. तो डोळा न घेताच ताफा आठ हजार मैल गेला. जहाजाचं रडार क्षितिजाखाली बघू शकत नाही. सी हॅरियरचं ब्लू फॉक्स रडार खाली बघताना, विशेषतः जमिनीवर, गोंधळून जायचं. म्हणजे पाण्याला चिकटून येणारं विमान दिसायचं ते डोळ्यांनी, शेवटच्या क्षणी.

४ मे रोजी अर्जेंटिनाची दोन सुपर एतांदार विमानं अशीच खालून आली, जहाजांवर मारायची एक्झोसे क्षेपणास्त्रं डागली, शेफील्ड पेटलं, २० माणसं गेली. अर्जेंटिनाकडे हवेतून डागायची एक्झोसे होती फक्त पाच. त्या पाचांच्या धाकाने ब्रिटिशांना आपल्या दोन्ही विमानवाहू नौका बऱ्याच पूर्वेला ठेवाव्या लागल्या. नौका लांब म्हणजे सी हॅरियरचा वेळ जाण्यायेण्यातच गेला, बेटांवर गस्तीला उरली थोडी मिनिटं. इंधनाची जी ओढाताण अर्जेंटिनाची, तीच थोड्या प्रमाणात ब्रिटिशांचीही. गस्तीची एक जोडी परत निघाली आणि दुसरी पोचायची असली की मधली फट उघडी.

२५ मेची कव्हेंट्रीची गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. दोन सी हॅरियर येणाऱ्या स्कायहॉकच्या मागावर होती. जहाजावरून त्यांना बाजूला व्हायला सांगितलं गेलं, कारण जहाज स्वतःच्या सी डार्ट क्षेपणास्त्राने मारणार होतं, आणि त्या माऱ्यात आपलंच विमान सापडायला नको. निर्णय नियमाला धरून होता. पण जमिनीच्या पार्श्वभूमीवर खालून येणारी विमानं सी डार्टच्या रडारला पकडता आली नाहीत. शेजारच्या ब्रॉडस्वर्डचं सी वुल्फ क्षेपणास्त्र त्यांच्यावर लागलं होतं, तेवढ्यात कव्हेंट्री वळताना त्याच्या माऱ्याच्या रेषेत आली. बॉम्ब पडले, जहाज उलटलं, १९ जण गेले. इथे विमानही होतं, क्षेपणास्त्रंही होती. कोणी कधी मारायचं, हा समन्वय त्या काही सेकंदांत तुटला.

आणि ८ जून. ब्रिटिश सैन्य बेटांवर उतरलं त्या सान कार्लोसला धातूच्या पट्ट्या अंथरून एक छोटी धावपट्टी केली होती, म्हणजे सी हॅरियरना तिथे उतरून इंधन घेता यावं, जहाजापर्यंत जायला नको. त्या दिवशी एका जीआर-३ ला तिथे अपघात झाला आणि पट्टी बंद पडली. सगळ्यांना पुन्हा दूरच्या नौकांचा फेरा. गस्त विरळ झाली. त्याच दुपारी स्कायहॉक फिट्झरॉयला आले आणि सर गॅलहॅडवर बॉम्ब पडले. जहाजात सैनिक बसलेले होते, उतरायची वाट बघत. अपघाताच्या रकान्यातलं एक विमान, ज्यातला वैमानिक चालत बाहेर आला, ते त्या दुपारी किती महागात पडलं बघ.

संध्याकाळी स्कायहॉकची पुढची फळी आली तेव्हा हर्मीसची दोन सी हॅरियर चोइसूल साउंडवर होती, डेव्हिड मॉर्गन आणि डेव्ह स्मिथ. अंधारत होतं. मॉर्गनने दोन पाडली, स्मिथने एक. चौथा, एक्तोर सांचेस, निसटला. मॉर्गन आणि स्मिथ अंधारात, टाकीचा तळ दिसत असताना, हर्मीसवर परतले. त्या दोघांची चाकं टेकली तो डेक मी पुढे अनेक रात्री पायी तुडवलाय. रात्री त्यावरून समुद्र आणि आकाश वेगळं ओळखता येत नाही. मॉर्गन आणि सांचेस पुढे काही वर्षांनी भेटले आणि त्यांची मैत्री झाली. पडलेल्या तिघांना ती संधी मिळाली नाही. त्यांना मी शत्रू म्हणून लिहू शकत नाही. परतीचं इंधन मोजून मापून घेऊन, पुढे काय आहे ते ठाऊक असूनही, ती मुलं पुन्हा पुन्हा येत राहिली. अर्जेंटिनाच्या वायुदलाची ५५ माणसं त्या युद्धात गेली.

नीलांबरी_साउदम्प्टन

चीफकाका, तुमचं लिखाण मी इथे ब्रिटनमध्ये बसून वाचतेय आणि दोनदा वाचलं. निखिलच्या ‘आकडा वाचायचा कसा’ या प्रश्नावर एक भर घालते.

युद्ध संपल्यावर डिसेंबर १९८२ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढली. तिच्यात कोणत्या शस्त्राने किती विमानं पाडली याचा हिशेब होता. जमिनीवरून डागायच्या रेपियर क्षेपणास्त्राच्या नावावर १४ विमानं पक्की म्हणून मांडली होती. पुढे अभ्यासकांनी अर्जेंटिनाच्या नोंदींशी एकेक विमान, वेळ आणि जागा ताडून पाहिली, तेव्हा रेपियरच्या वाट्याला पक्कं असं एखादंच उरलं. कोणी मुद्दाम खोटं बोललं असं नाही. सान कार्लोसच्या खाडीत एकाच विमानावर जहाजं, रेपियर, खांद्यावरची क्षेपणास्त्रं आणि मशीनगन एकाच वेळी मारत होत्या. विमान पडलं की प्रत्येकाला ते आपणच पाडलं असं वाटे, आणि एका विमानाची चार विमानं व्हायची. सी हॅरियरचा आकडा त्या छाननीत जवळजवळ तसाच टिकला, कारण तिथे मारणारा एक, मरणारा एक, आणि बहुतेक वेळा दोघांचीही नावं माहीत.

दुसऱ्या बाजूलाही तेच. अर्जेंटिनात ३० मेच्या हल्ल्यात इन्व्हिन्सिबलला मार बसला असं मानणारे लोक आजही आहेत. जहाज त्या सप्टेंबरमध्ये पोर्ट्समथला धडधाकट परत आलं.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार. चीफकाका, तुमचं लिहिणं बाबांनाही वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, ‘सही करून सोडलेली विमानं’ हे वाक्य विसरता येणार नाही.

एक शेवटचं विचारतो. आता क्षेपणास्त्रं शंभर-दीडशे किलोमीटरवरून डागतात, वैमानिक एकमेकांना बघतही नाहीत. मग १९८२ मधलं हे सगळं आज लागू पडतं का? २०२५ च्या आकड्यांकडे याच नजरेने बघायचं का?

चीफ_दाबोळी

निखिल, बाबांना माझा नमस्कार सांग.

अंतर बदललं, प्रश्न तेच राहिले. दीडशे किलोमीटरवरून मारायचं म्हणजे आधी दीडशे किलोमीटरवर बघता आलं पाहिजे, ते विमान शत्रूचंच आहे हे ओळखता आलं पाहिजे, आणि क्षेपणास्त्र उडत असताना त्याला कोणीतरी सांगत राहिलं पाहिजे. हे बघणं आणि सांगणं बऱ्याचदा लढाऊ विमानाच्या बाहेरून येतं, मागे उडणाऱ्या रडारच्या विमानाकडून. ज्याच्याकडे ती साखळी अखंड आहे तो आधी मारतो. पडणाऱ्याला पुष्कळदा कळतही नाही की आपल्याकडे काही निघालंय. आपल्या सी हॅरियरवरही शेवटच्या काळात इस्रायली रडार आणि डर्बी क्षेपणास्त्र बसवलं, आणि नजरेपलीकडे मारता येऊ लागलं. रडार बदललं तेव्हा त्या जुन्या विमानाकडे बघण्याची वैमानिकांची पद्धतच बदलली, हे मी जवळून पाहिलंय. ब्रीफिंगमध्ये वळणं आणि वेग यांच्याऐवजी कोण आधी कोणाला दिसेल याच्यावर वेळ जायचा.

२०२५ बद्दल मी आकडा सांगणार नाही. पाकिस्तानने सहा पाडल्याचा दावा केला. आपल्या सीडीएसनी, म्हणजे तिन्ही दलांच्या प्रमुखांनी, ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये आपलं नुकसान झाल्याचं मान्य केलं, सहाचा दावा खोटा म्हटला, आणि विमान पडलं यापेक्षा ते का पडलं हे महत्त्वाचं, असं सांगितलं. ऑगस्टमध्ये आपल्या वायुदलप्रमुखांनी त्यांची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडल्याचं जाहीर केलं. पाकिस्तानने ते नाकारलं. नीलांबरीताईंनी सांगितलेली ताडून पाहण्याची पायरी या बाबतीत अजून यायचीय. दोन्हीकडच्या नोंदी समोर येईपर्यंत ग्रुपवर कितीही भांडलात तरी हाताला काही लागायचं नाही. मात्र सीडीएस जे ‘का’ म्हणाले ते धरून ठेव. एकेका विमानापुढे विचार: कुठे पडलं, कोणी मारलं, तो कुठून मारत होता, त्या वैमानिकाला त्या दिवशी कोणत्या नियमाखाली उडायला सांगितलं होतं, इंधन किती होतं, त्याला कोणी सावध केलं का. याची उत्तरं लागली की ‘किती’चा अर्थ आपोआप लागतो.

आणि तो डोळ्याचा मुद्दा मनातून जात नाही म्हणून तोही लिहून टाकतो. शेफील्ड बुडाल्यावर ब्रिटिशांनी घाईघाईने दोन सी किंग हेलिकॉप्टरांना सर्चवॉटर रडार बसवलं, बाजूला फुग्यासारख्या घुमटात. अकरा आठवड्यांत काम पुरं केलं. ती हेलिकॉप्टरं इलस्ट्रियस या विमानवाहू नौकेवर चढून ऑगस्ट १९८२ मध्ये दक्षिणेला निघाली, तोवर १४ जूनला युद्ध संपलं होतं. आपल्या विराटलाही बरीच वर्षं वरचा डोळा नव्हता. रडारवाली कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरं आली ती २००३ मध्ये, तीही आमच्या हंसावरच. पहिल्यांदा एका कामोव्हने पोटाखालचा तो लांबट अँटेना उघडून हवेत फिरवलेला पाहिला, तेव्हा लाइनवरची आम्ही सगळी जुनी माणसं हातातलं काम टाकून बाहेर येऊन उभी राहिलो होतो.